आयच्या पानावरचे शब्द

"ऑब्स्टिनेट," अप्पा म्हणाले.

"हट्टी. दुराग्रही."

"ऑब्सोलीट."

"कालबाह्य. वापरातून गेलेलं."

त्यांनी पान उलटलं. उजव्या हाताला सलाईनची सुई लावलेली होती, म्हणून वही मांडीवर ठेवून डाव्या हातानेच ते पानं उलटत होते. मानेला पट्टी बांधलेली. खाली बघायला त्रास व्हायचा, तेव्हा मधेच वही उचलून डोळ्यांसमोर धरायचे. वॉर्डात सकाळची झाडलोट चालली होती आणि फिनेलच्या वासाने माझं डोकं चढलं होतं.

"पुरे आता अप्पा," मी म्हटलं. "राउंडची वेळ झाली."

"ओचं पान संपू दे," ते म्हणाले.

आमचा हा नेम गेले सहा महिने चालला होता. मी बी.ए. होऊन बँकेच्या परीक्षेला बसत होते आणि दोन्ही वेळा इंग्रजीत आपटले होते. गणितात मार्क चांगले, बाकी सगळं ठीक, पण इंग्रजीचा पेपर हातात पडला की निम्मे शब्द पहिल्यांदाच बघितल्यासारखे वाटायचे. मग मी शब्दांच्या मागे लागले. एका जाड पुस्तकातून रोज वीस शब्द उतरवायचे, एबीसीडीच्या क्रमाने. डावीकडे शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ. देवनागरीत अशासाठी, की अप्पांना ते वाचता यावेत. ते सातवीपर्यंत शिकलेले. परभणीच्या एसटी डेपोत हेड मेकॅनिक होते. संध्याकाळी ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की वही घेऊन खुर्चीत बसायचे आणि अर्थावर पंजा ठेवून शब्द विचारायचे. ऑब्लिक, ऑब्लिव्हियन, ऑब्स्क्युअर. गॅस्केट, बेअरिंग, क्लच प्लेट म्हणावं त्याच सुरात. मला वाटायचं, ते नुसते वाचतात. वाचून दाखवणाऱ्याला थोडंच काही पाठ होतं?

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या कानाखाली एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. संक्रांतीपर्यंत दुसरी आली. आईने मागे लागून लागून शेवटी मार्चमध्ये त्यांना डॉक्टरकडे नेलं, त्यांनी औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. धाकट्या भावाची दहावी होती, म्हणून आई घरी राहिली आणि अप्पांबरोबर मी आले. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. अंगात थोडा ताप होता, तेवढ्यासाठी सलाईन. आज पाचवा दिवस, आणि आज रिपोर्ट येणार होता.

डॉक्टर सबनीस दहाच्या सुमारास आले. उंच, गोरे, कपाळावर आठ्या. बरोबर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. पहिल्या दिवशी त्यांनी अप्पांना एवढंच विचारलं होतं, "गाठ दिवाळीपासून आहे आणि आलात आत्ता?" ते मला लागलं होतं. डेपोत गाड्या बंद पडायच्या म्हणून अप्पा थांबले होते, पण ते सांगणार कोणाला.

डॉक्टरांनी अप्पांची मान चाचपली, काखा बघितल्या, पोट दाबून बघितलं. एका मुलीने रिपोर्ट पुढे केला. तो वाचत ते पोरांकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. कान टवकारले. ते फार भराभर बोलत होते, वाक्यं माझ्या हाताला लागत नव्हती. एक पकडावं तोवर पुढची दोन निघून जायची. शब्द मात्र कळत होते. माझी सगळी तयारी शब्दांचीच होती. आणि त्यातले काही शब्द कानात असे शिरले, की अजून निघालेले नाहीत.

इनक्युरेबल.

मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं. ते डॉक्टरांकडे बघत होते, आपल्याबद्दल मोठी माणसं काही बोलत असताना आपण बघावं तसं, आदराने.

बट इंडोलंट, डॉक्टर म्हणाले. एका मुलाने काही विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. नो पॉइंट ट्रीटिंग नाऊ. सेंड हिम होम. त्यावर आणखी कोणी काही म्हणालं आणि मागचा एकजण हसला.

मग ते मराठीत अप्पांना म्हणाले, "हंबर्डे, रिपोर्ट आलाय. घाबरू नका. उद्या निवांत बसून बोलू." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आयचं पान आम्ही याच महिन्यात केलं होतं. इनक्युरेबल, असाध्य, बरा न होणारा. इंडोलंट, आळशी, सुस्त. मी मनात ते सगळं एकापुढे एक लावलं. आजार बरा होणारा नाही. माणूस आळशी आहे, दिवाळीची गाठ मार्चमध्ये दाखवतो. औषध देण्यात अर्थ नाही. घरी पाठवा. कुठे अडत नव्हतं. सगळं एकमेकांत चपखल बसत होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

धावत त्यांच्या मागे जावं, विचारावं, असं वाटलं. पण विचारायचं काय? आणि कोणत्या भाषेत? मराठीत विचारलं तर ते परत 'घाबरू नका' म्हणणार. इंग्रजीत विचारायचं तर तोंडातून एक वाक्य धड निघणार नाही, आणि ती सगळी पोरं बघत राहतील. तीन हजार शब्द पाठ होते मला. मी जागची हलले नाही.

"काय म्हणाले गं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. रिपोर्ट आलाय म्हणे, उद्या सांगतील."

"ते कळलं. इंग्रजीत काय बोलले?"

"पोरांना शिकवत होते. गाठी कशा बघायच्या, ते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अप्पांशी मी तोवर कधी खोटं बोलले नव्हते. मला ते जमतही नव्हतं, हे तेव्हा कळलं. मी खाली वाकून डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

सिस्टर येऊन सलाईन काढून गेली. अप्पा हाताची जागा चोळत बसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सुमे, गेल्या साली डेपोत इंगोलेच्या पोरीला घेतलं ना. तो नोकरीत असताना गेला म्हणून."

"अनुकंपावर. हो."

"मुलीला घेतात ना? का फक्त मुलाला?"

"मुलीलाही घेतात. लग्न झालेलं नसेल तर." एवढं बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. "असं काय विचारता अप्पा?"

"माहिती विचारतोय," ते म्हणाले. "इंगोलेची पोरगी आता तिकिटाच्या खिडकीत बसते. बरं आहे तिचं."

थोड्या वेळाने त्यांनी मला आईला फोन करून यायला सांगितलं. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे करायचा, त्यांनी आईला बोलवायचं, मग पुन्हा लावायचा. म्हणजे अर्धा तास तरी जाणार. मी जायला निघाले तेव्हा ते म्हणाले, "सावकाश ये. घाई नाही."

एसटीडी बूथवर गर्दी होती. पहिल्यांदा लावला, दहा मिनिटांनी पुन्हा लावला. आईचा आवाज आला. तिला म्हटलं, रिपोर्ट उद्या कळणार आहे, अप्पा बरे आहेत, जेवले. ती म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय. मी म्हटलं, लाइन खराब आहे.

परत आले तर खाट रिकामी होती.

आधी वाटलं, संडासला गेले असतील. मग बघितलं, दवाखान्याचे हिरवे कपडे घडी करून पायथ्याशी ठेवले होते. उशीवर तीन वस्तू होत्या. अप्पांचं घड्याळ, त्यांचा एसटीचा पास, आणि माझी वही. एकावर एक, नीट रचलेल्या.

शेजारच्या खाटेवर जालन्याकडचे एक म्हातारे होते. ते म्हणाले, "तुमचे वडील खाकी कपडे घालून गेले. म्हणाले, पोरगी आली की हे तिला द्या."

"कुठं गेले?"

"ते नाही बोलले. पाय धरले माझे. मी म्हटलं, अहो पाय कशाला धरता."

मी ते घड्याळ हातात घेतलं. आंघोळीची वेळ सोडली तर ते अप्पांच्या मनगटावरून कधी उतरलेलं मी बघितलं नव्हतं. अनुकंपा, इंगोलेची पोरगी, सावकाश ये, घाई नाही. एकेक गोष्ट परत कानात वाजायला लागली.

मी जिन्यावरून खाली पळाले. पुढच्या फाटकावरच्या वॉचमनने खाकीतलं कोणी बघितलं नव्हतं. मागच्या फाटकाशी चहाची गाडी होती, तिथल्या बाईने सांगितलं, तासाभरापूर्वी एक खाकीवाला, मानेला पट्टी बांधलेला, इकडून गेला. चहा घ्या म्हटलं तर थांबला नाही.

"इकडून म्हणजे कुठं?"

तिने हनुवटीने दाखवलं. फाटकासमोर मोकळं रान होतं, बाभळी होत्या, आणि त्यापलीकडे रेल्वेची लाइन.

मला अजून ते रान पायाखाली जाणवतं. ऊन डोक्यावर आलं होतं. चपलेत खडे शिरत होते, ते काढायला मी थांबत नव्हते. अप्पा, अप्पा अशी हाक मारायची होती, पण तोंडाला कोरड पडून आवाजच फुटेना. लाइनीपाशी पोचले तर दोन्ही बाजूंना रूळ लांबवर गेलेले, आणि माणूस नाही. मी उजवीकडे चालायला लागले. खाली बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. एक चिंधी दिसली तरी थबकायचे. जवळ जाऊन बघायचे, फाटकं पोतं असायचं.

मागून शिट्टी झाली. मी भराव उतरून खाली उभी राहिले. मालगाडी होती, संपता संपत नव्हती. डबे धडधडत जात होते आणि डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडे मला खाकी दिसली. एक माणूस, रुळांना लागून उभा. डबा आला, दिसेनासा झाला. परत फट, परत खाकी. मी काय केलं ते मला आठवत नाही. म्हणजे ओरडले असेन. गाडी गेल्यावर तो माणूस माझ्याकडे बघत होता. रेल्वेचा गँगमन होता, हातात लांब पाना. तो विचारत होता, बाई काय झालं, काय झालं.

मी त्याला सांगितलं. त्याने डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, या पट्ट्यात आज काही झालेलं नाही, मी सकाळपासून इथंच आहे. एवढं ऐकलं आणि मी मटकन खडीवर बसले. तो पुढे म्हणाला, पण मानेला पट्टी बांधलेला एकजण इथं बसला होता खरा. बराच वेळ. मी हटकलं, तर म्हणाला, एसटीतला आहे, जरा बसतो. मग उठला आणि तरातरा चालत गेला. स्वतःशीच काही बोलत होता.

"कुठं गेला?"

"आला तिकडंच. दवाखान्याकडं."

माझा विश्वास बसला नाही. दवाखान्याकडे गेले असते तर खाटेवर असते. शहरात किती रस्ते, किती विहिरी, किती पूल, सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. परतताना मी चालत नव्हते, धावतही नव्हते, मधलंच काही तरी करत होते. आईला काय सांगायचं याची वाक्यं मनात तयार व्हायला लागली, आणि ती तयार होतात याचीच मला भीती वाटत होती.

जिन्याशी वॉर्डातल्या मावशी भेटल्या. त्या माझ्यावरच वैतागल्या होत्या. कुठं भटकत होतीस, म्हणाल्या. तुझे वडील खाली ओपीडीच्या रांगेत उभे आहेत तासाभरापासून. भरती झालेल्या पेशंटने रांगेत उभं राहायचं नसतं, मी दोनदा सांगितलं, ऐकत नाहीत. चिठ्ठी काढलीय त्यांनी.

मी ओपीडीत गेले तोवर त्यांचा नंबर लागला होता. सबनीस डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून अप्पांचा आवाज येत होता. डेपोत मॅनेजरशी बोलताना असायचा तो आवाज, खालचा, पण ठाम.

"साहेब, मरायचं तर मरू. त्याची तक्रार नाही. पण मला आळशी लिहू नका."

मी दारातच थांबले. अप्पा टेबलासमोर उभे होते, खाकी शर्टाचं वरचं बटण पट्टीमुळे लागत नव्हतं. समोर खुर्ची रिकामी होती, ते बसले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आळशी कोण म्हणालं?"

"तुम्ही. सकाळी. इंडोलंट म्हणालात. तुमच्या पोरांदेखत."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकतीस वर्षं नोकरी झाली साहेब," अप्पा म्हणाले. "आजारपणाची रजा किती घेतली ते डेपोत विचारा. गाठ दाखवायला उशीर केला, ते चुकलं. पण हंगाम होता, यात्रेच्या गाड्या होत्या, हाताखाली माणूस नव्हता. आळसाने नाही केलं. कागदावर लिहिलं असेल तर तेवढं खोडा."

डॉक्टरांनी रिपोर्टची फाईल उघडली, परत मिटली. मग उठून, टेबलाला वळसा घालून, त्यांनी अप्पांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसले.

"हंबर्डे, तो शब्द तुम्हाला नाही म्हटला मी," ते म्हणाले. "आजाराला म्हटला."

"आजाराला?"

"आम्हा डॉक्टरांच्या भाषेत इंडोलंट म्हणजे संथ. ज्याला घाई नाही असा आजार. तुमच्या गाठी कॅन्सरच्या आहेत, ते मी लपवत नाही. आणि तो मुळापासून जात नाही, हेही खरं. पण तो सुस्त आहे. वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. माझे असे पेशंट आहेत, दहा-बारा वर्षं शेती करतात, मुलांची लग्नं केलीत. आत्ता त्याला औषधाने डिवचलं तर तुम्हाला त्रास जास्त आणि फायदा कमी. म्हणून म्हटलं, आत्ता औषध नको, घरी जाऊ द्या. दर तीन महिन्यांनी या, मी बघेन. वाढायला लागला की औषध देऊ. औषध आहे त्याला."

अप्पा विचार करत होते. गाडीचा आवाज ऐकताना त्यांचा चेहरा व्हायचा तसा चेहरा झाला होता.

"म्हणजे आळशी तो," ते म्हणाले.

"तो."

"मग राहू द्या कागदावर."

डॉक्टर हसले नाहीत. उलट त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुमच्यासमोर उभं राहून तुमच्याबद्दल परक्या भाषेत बोलायला नको होतं. पण तुम्हाला हा शब्द आला कुठून?"

अप्पांनी दाराकडे बोट केलं. मी दारात आल्याचं त्यांना कधी कळलं होतं कोण जाणे.

"माझी मुलगी. बँकेच्या परीक्षेला बसतीय. तीन हजार शब्द येतात तिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. "तू होतीस सकाळी," ते म्हणाले. "तुला कळलं होतं, तर विचारलं का नाहीस?"

मी वाकून पायांवरची धूळ झटकायला लागले.

त्यानंतर अप्पा सतरा वर्षं जगले. सहाव्या वर्षी गाठी वाढल्या, तेव्हा औषधं झाली, केस गेले, परत आले. अकराव्या वर्षी पुन्हा एकदा. त्याच्या मधे ते पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले, भावाचं लग्न झालं, माझं झालं. मी बँकेत लागले नाही. तिसऱ्यांदाही इंग्रजीत राहिले. पुढे मी समाजकार्याचा कोर्स केला आणि आता नांदेडला एका दवाखान्यात असते. डॉक्टर जे बोलले ते पेशंटच्या घरच्यांना समजावून सांगायचं, एवढंच काम. ते काम कसं मिळालं ती निराळी हकीकत आहे.

मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. आम्ही दुपारच्या परभणी गाडीने निघालो. अप्पा खिडकीशी बसले होते. घड्याळ परत मनगटावर आलं होतं. काल संध्याकाळपासून आम्ही पुष्कळ बोललो होतो, पण रुळांबद्दल अवाक्षर नाही. मी तिथे गेले होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं की नको विचारायला. झालं ते झालं. ते परत आले, आमचे चेहरे आठवले असतील, आईचा आठवला असेल, म्हणून आले. तेवढं पुरे.

जालना गेलं. पुढे रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं. माझ्या मनातून ते जाईना. डॉक्टरांचा प्रश्न तर कालपासून डोक्यात होताच. विचारलं का नाहीस.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही तिथून का उठलात?"

त्यांनी 'कुठून' असं विचारलं नाही.

"कोणी सांगितलं?"

"गँगमनने."

"हं." मग म्हणाले, "तू खोटं बोललीस तेव्हाच मला कळलं. इनक्युरेबल तर मला कळलाच होता. आपण आयच्या पानावर केला होता. म्हटलं, असं महिनोन्महिने पडून राहण्यापेक्षा तुझं तरी काम होऊन जाईल. गाडीची वाट बघत बसलो."

मी समोरच्या बाकाची दांडी धरली.

"मग दुसरा शब्द डोक्यात आला," ते म्हणाले. "म्हटलं, अनुकंपाच्या फायलीला दवाखान्याचा कागद लागणार. तो डेपो मॅनेजर वाचणार, हेड ऑफिसात जाणार. त्यावर लिहिलेलं असणार, हंबर्डे आळशी. तुला ती फाईल घेऊन फिरावं लागणार. मला ते काही पटेना. म्हटलं, आधी ते खोडून घेऊ. मग येऊ परत."

"परत?"

"तेव्हा तसंच वाटलं."

एवढंच. आमचे चेहरे नाही, आई नाही. कोणीही आडवं आलं नव्हतं त्यांना. उन्हात एसटीच्या बाकावर बसल्या बसल्या मला थंडी वाजायला लागली. काल रुळांवरून चालताना जी भीती होती ती निदान कशाची होती ते कळत होतं. ही वेगळी होती. ते शेजारी बसले होते, त्यांचा दंड माझ्या दंडाला लागत होता, आणि मला वाटत होतं की हे माझ्या शेजारी असायचं काहीच कारण नव्हतं. आयच्या पानावरचा पहिलाच शब्द त्यांना कळला असता आणि दुसरा ते विसरले असते, तर. मी त्यांची बाही मुठीत धरली. त्यांनी ती सोडवली नाही.

मंठ्याला गाडी थांबली आणि ड्रायव्हर मागे येऊन अप्पांच्या खाकीकडे बघत उभा राहिला. इंजिनात कसला तरी आवाज येतोय, म्हणाला, बघता का जरा. अप्पा लगेच उठले. बॉनेट उघडून त्यांनी एका कानाने ऐकलं, मग दुसऱ्या, पट्टीच्या बाजूच्या कानाने, आणि पाना मागितला. मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले होते आणि हातभर अंतरावर उभी होते.

"उन्हात कशाला थांबतेस," ते वाकूनच म्हणाले. "आत जाऊन बस. दहा मिनिटं लागतील मला."

मी बसले नाही.